थोड्यांतला एक

२ सप्टेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. हल्ली तेसुद्धा लांबूनच द्यायचे असतात, म्हणून पत्राने पाठवतोय. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी पदरचं घालतो, हे तुला माहीत आहे. जन्मभर कानाशी केस कापायचं मशीन घरघरलं की दुसरं काय होणार.

तर बातमी अशी, की तुझ्या मामाने लस टोचून घेतली. ती तुमच्या ऑफिसची, चाचणीतली. 'तुमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यातही केंद्र उघडलंय' एवढंच तू म्हणाली होतीस, 'घे' म्हणाली नव्हतीस, हे मी तुझ्या मामीला पढवून ठेवलंय. तरी ती म्हणते, भाचीने मामाला मामा बनवलं.

मी गेलो तो तिच्यासाठीच. तिच्या दम्यामुळे चाचणीत तिचं नाव घेत नाहीत. माझा धंदा गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड नेऊन करायचा. दाढी करताना त्याने मास्क घालावा तर दाढी कुठे करू? संध्याकाळी घरी काय घेऊन जाईन याचा नेम नाही, आणि हा आजार तिच्या छातीत शिरला तर ती वाचायची नाही. मला औषध मिळालं तर तिच्यापर्यंत काही पोचणार नाही. हिशेब सरळ आहे.

तिथली गंमत सांगतो. सुईच्या नळीला कागदी पट्टी गुंडाळलेली होती. आत काय आहे ते मलाही दिसू नये आणि टोचणाऱ्या बाईलाही. भरणारा आतल्या खोलीत, तो तोंड दाखवत नाही. निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. मी म्हटलं, "बाई, आजवर लोक डोळे मिटून माझ्या वस्तऱ्याखाली बसले, आज कळलं त्यांना कसं वाटत असेल." ती हसली नाही. दिवसभर असलेच विनोद ऐकत असणार.

दंड मात्र सणकून दुखतोय. मिठाच्या पाण्याने असा दुखेल का, तूच सांग.

तुझा मामा

---

११ सप्टेंबर

मामा,

मिठाच्या पाण्यानेही दुखतो. सुई दंडात घुसवल्यावर दंड दुखणारच. पाण्याच्या गटातल्या कितीतरी लोकांना तापही येतो, डोकंही दुखतं. आपल्याला काहीतरी टोचलंय या विचारानेच येतं. तेव्हा दंडावरून भविष्य सांगू नकोस.

तुला वाटत असेल मला माहीत आहे तुला काय मिळालं. मला माहीत नाही. इथे कुणालाच नाही. माझ्यासमोर येतात ते आकडे: अमुक वयाचा माणूस, अमुक दिवशी ताप, अमुक दिवशी बरा. त्यांना नावं नसतात. कुठलाही म्हातारा माणूस आला की मला तू आठवतोस, आणि मग पुढचं काम नीट होत नाही.

ऑफिस म्हणशील तर ओसाड आहे. एकाआड एक खुर्चीवर फुली मारलेली चिकटपट्टी लावलीय. माझ्या बाजूच्या फुलीवर जी बसायची, तिची आई गेली. ती घरून काम करते आणि कॅमेरा बंद ठेवते. आम्ही तिला काही विचारत नाही.

माझं एक ऐक. तुला पाणीच मिळालंय असं धरून वाग. खरी लस असली तरी ती आजाराला किती आवरते हेच अजून आम्हाला ठाऊक नाही, म्हणून तर चाचणी चाललीय. मास्क, साबण, उघड्या खिडक्या, सगळं पहिल्यासारखं. मामीला सांग, मी खरंच 'घे' म्हणाले नव्हते. पण तू गेलास हे ऐकून बरं वाटलं, हेही तिला सांग. नाही तर नको सांगूस.

भिंगरी

---

५ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

दुसरी सुई झाली. रात्री असा ताप भरला की तुझी मामी पट्ट्या ठेवून दमली आणि मी आत हसत होतो. हे पाणी नव्हे, पोरी. पाणी पिऊन कधी कुणाला नशा चढलीय का?

दुकानात सध्या दोन पक्ष आहेत. चाचणीत गेलेली सहासात गिऱ्हाइकं आहेत माझी. ज्यांना काही झालं नाही ते 'खारे', ज्यांना ताप आला ते 'खरे'. मी खऱ्यांचा पुढारी. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले एक खारे आहेत, ते परवा फार खट्टू होऊन गेले. म्हणाले, "माझ्या वाट्याला नेहमी पाणीच येतं." त्यांची मान मी फुकट चोळून दिली.

आता जे लिहितो त्यावर रागावू नकोस. मी घरोघरी जायला लागलोय. जी म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलीत, त्यांच्या दाढ्या छातीपर्यंत आल्यात. पोरं हात लावायला घाबरतात, दारातूनच बघतात. परवा एका शाळामास्तरांकडे गेलो. अन्न दाढीत अडकून वाळलेलं. अंगाला वास. दाढी करून, गार पाण्याने तोंड पुसून आरसा दाखवला तर मास्तर रडायला लागले. म्हणाले, "मी अजून आहे तर." भिंगरे, मी औषध घेतलेला माणूस आहे. मी नाही जायचं तर कुणी जायचं?

तुझी मामी सकाळी छातीवर हात ठेवून बसते, पण बरी आहे. तुला 'बरं वाटलं' हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो, तिला बरं वाटायला काय जातंय."

तुझा मामा

---

१६ ऑक्टोबर

मामा,

राग आलाय. हे पत्र लिहून दोनदा फाडलं.

मास्तरांची दाढी केलीस याचा नाही. तुझ्यासारखा माणूस आपल्या घरात आहे याचा मला अभिमानच आहे. राग तुझ्या त्या खऱ्या-खाऱ्यांचा आहे. तुला जे माहीत नाही ते तू माहीत असल्यासारखं वापरतोयस, आणि पणाला स्वतःला लावलंयस. मामीलाही.

आमच्या कामातली एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही, तुला सांगते. लस चालते की नाही हे कळायला लोक आजारी पडावे लागतात. ठरलेल्या संख्येइतके आजारी झाले की मगच गुपित उघडायचं आणि बघायचं: पाण्याच्या गटातले किती, लसीच्या गटातले किती. तोवर आम्ही वाट बघतो. मामा, आम्ही माणसं आजारी पडायची वाट बघतो. सकाळी आल्यावर कुणीतरी विचारतं, "आज किती?" आणि आकडा कमी असला तर चेहरे उतरतात. वाईट माणसं नाहीत ही. लवकर कळलं तर लवकर लस मिळेल, लवकर मरणं थांबतील, असं आहे ते. पण घरी गेल्यावर मला जेवण जात नाही.

तू त्या आकड्यात यायचं नाहीस. ज्या घरात खोकला आहे त्या घरी जाऊ नकोस. एवढं कबूल कर आणि उलट टपाली लिही.

भिंगरी

---

३ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

उलट टपाली जमलं नाही. थोडी कणकण होती.

सध्या मुक्काम दुकानाच्या मागच्या खोलीत. घरचं स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्यात एक दार आहे, ते मी माझ्या बाजूने अडकवून घेतलंय. तुझ्या मामीला म्हटलं, खोलीला रंग देतोय, वासाने तुझी छाती भरेल, इकडे फिरकू नकोस. ती म्हणाली, "या महिन्यात रंग?" मी म्हटलं, "धंदा बसलाय, बसल्या बसल्या काय करू." ती जेवण दाराशी ठेवते, मी ती लांब गेल्यावर उचलतो. तिला फसवणं सोपं नाही, पण तिने अजून काही विचारलेलं नाही. म्हणजे ओळखलं असणार.

केंद्राला कळवलं. माणूस येऊन नाकात काडी घालून गेला. तपासणीत त्यांना हवा तो आजार निघाला. म्हणजे मी आलो गं तुझ्या आकड्यात. त्या दिवशी चेहरे उतरले नसतील, एवढं समाधान.

मास्तर गेले. त्यांच्या घरी खोकला नव्हता, म्हणून मी गेलो होतो. तू सांगितलेलं पाळलं होतं. खोकला नंतर सुरू झाला.

घाबरू नकोस, मी खऱ्यांतला आहे. दोनचार दिवसांत उठतो. मामीला फोन करू नकोस, तुझ्या आवाजावरून तिला कळेल. लिहिताना धाप लागते म्हणून थांबतो.

मामा

---

२६ नोव्हेंबर

भिंगरी,

तू आली असतीस तरी तुला बघू दिलं नसतं. मलाही दिलं नाही. त्यामुळे येता आलं नाही म्हणून रडत बसू नकोस.

रंगाचं मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. रंग लावणारा माणूस दाराला कडी घालून खोकत नाही. मी दाराच्या या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, ते त्या बाजूला. मी काही बोलले की ते म्हणायचे, "लांब बस." त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागायचं, आणि मोठ्याने बोललं की मला खोकला यायचा. मग ते दारावर आतून थाप मारायचे, की पुरे. असं आमचं बोलणं. पाचव्या दिवशी थाप आली नाही, तेव्हा मी शेजाऱ्यांना हाक मारली. दवाखान्यात नेल्यावर तीन दिवस होते.

मला काही झालं नाही. दोनदा तपासलं. माझी ही छाती, आणि मी आहे.

सगळे येतात ते फाटकातून बोलतात. म्हणतात, बिचाऱ्यांना पाणी मिळालं असणार. ग्रंथपाल रडत होते. माझंही तेच म्हणणं आहे. हे ताप आला म्हणून उड्या मारत होते, पण पाणीच होतं. तुझ्याकडून पक्कं कळव.

मामी

---

१४ डिसेंबर

मामी,

काय लिहू कळत नाही म्हणून इतके दिवस गेले. मामा नाही हे मला अजून पटत नाही. टपाल आलं की मी त्याचं अक्षर शोधते. मी खूप रडते, मामी. तू नको म्हणालीस तरी.

मागच्या महिन्यात आमचा आकडा पुरा झाला. मोठ्या पडद्यावर निकाल दाखवला. लस चालते, आम्हाला वाटलं होतं त्याहून चांगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वयस्क शास्त्रज्ञ टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होते, आनंदाने. मीही टाळ्या वाजवल्या. हात थांबवायचे तर कारण सांगावं लागलं असतं.

कुणाला काय मिळालं ते तिथे दिसत नाही, फक्त बेरजा दिसतात. मामाचं विचारायचं तर त्याच्या केंद्राला विचारावं लागेल, आणि ते फक्त तुलाच सांगतील. घाई करू नकोस. ते कळून आता काय करायचं?

औषधाच्या वाफा नियमित घेतेस ना? घराबाहेर पडू नकोस.

भिंगरी

---

९ फेब्रुवारी

भिंगरी,

मला लसीचा निरोप आलाय. वय आणि दमा, म्हणून पहिल्या यादीत आहे. तीच लस. ह्यांचीच.

केंद्राचाही फोन आला होता. म्हणाले, तुमचे यजमान कुठल्या गटात होते ते हवं तर सांगतो. मी म्हटलं, माझ्या भाचीला सांगा, तिला त्यातलं कळतं. त्यांनी माझी संमती लिहून घेतली. म्हणजे एव्हाना तुला माहीत आहे. आणि तू लिहीत नाहीस.

मी सरळ विचारते. पाणी होतं ना? तसं तुझ्या हाताने लिहून पाठव, मी उद्या जाऊन टोचून घेते. पण त्यांना ते औषध दिलेलं असेल आणि तरी ते गेले असतील, तर मी ते अंगात घेणार नाही. जे त्यांना पुरलं नाही ते मला काय पुरणार? मी अशीच दार लावून बसेन, जितके दिवस निघतील तितके.

पाणीच होतं, मला माहीत आहे. तू फक्त लिही.

मामी

---

२७ फेब्रुवारी

मामी,

पाणी नव्हतं. मामाला खरी लस मिळाली होती, दोन्ही वेळा.

हे वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले. 'पाणी होतं' असं लिहिलेलं एक पत्र माझ्या टेबलावर तयार होतं. ते टाकलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी जाऊन लस घेतली असतीस. तू वाचावंस याहून मला दुसरं काही नको आहे. ते पत्र मी टपालपेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. लस चालते असं मी ज्या बळावर सगळ्या जगाला सांगते, ते बळ एवढंच आहे, की आम्ही कुणीही आपल्याला हवं ते उत्तर घालून ठेवलं नाही. तुझ्यासाठी खोटं लिहिलं, तर माझ्या 'चालते' या शब्दालाही काही किंमत उरणार नाही. आणि तू हुशार आहेस. रंगाचं ओळखलंस तसं हेही ओळखलं असतंस.

आता माझ्यावर विश्वास असेल तर पुढचं वाच. जे आजारी पडले त्यांतले बहुतेक पाण्याच्या गटातले होते. खूप अत्यवस्थ झालेले तर जवळजवळ सगळे. लसीच्या गटातले थोडे. लसीने मामाला काही अपाय केला नाही, तो आजाराने गेला. लस बहुतेकांना तारते, सगळ्यांना नाही. तिने त्याला तारलं नाही, आणि का नाही ते मला सांगता येत नाही. वय असेल, रोज त्या बंद खोल्यांतून तोंडाशी तोंड नेणं असेल. कुणालाच सांगता येणार नाही.

अहवालात एक वाक्य आहे, 'लस घेतलेल्यांपैकी थोड्या व्यक्तींना आजार झाला.' ते वाक्य मी लिहिलंय. निकाल उघडला त्याच आठवड्यात लिहिलं, आणि त्या 'थोड्या'त आपला मामा आहे हे मला माहीत नव्हतं. आता ते वाक्य रोज कुणी ना कुणी मला वाचून दाखवतं, चांगली बातमी म्हणून. ती चांगली बातमी आहेच, मामी. हेच मला सहन होत नाही.

घे गं लस. मी पाया पडते.

भिंगरी

---

२ मे

भिंगरी,

दोन महिने तुझ्यावर राग होता. तुझी पत्रं आली, ती न फोडता कपाटावर टाकली. वाटायचं, एवढी शिकलीस आणि एका म्हातारीला एक गोड शब्द लिहिता आला नाही. 'पाणी होतं' म्हणाली असतीस तर मला निदान दोष द्यायला नशीब होतं.

मग एकदा भांडी घासताना हसूच आलं. अगं, ते बरोबर होते! सगळे त्यांना समजावत होतो, तू, मी, ते ग्रंथपाल, आणि हे एकटे ठामपणे सांगत होते की मी खऱ्यांतला. जन्मात एकदा माझ्याशी घातलेल्या वादात ते जिंकले, आणि मिरवायला नाहीत. असते तर मला जगू दिलं नसतं. मग खूप रडले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच धड रडले.

इकडे पुन्हा घरोघर लागण आहे. समोरच्या घरातली दोघं गेली. माझी छाती वाजते. बसल्या बसल्या मी विचार करत होते, की औषध अंगात होतं तरी त्यांनी कडी घातली. त्यांना पक्कं वाटत होतं ना, की आपण खऱ्यांतले? मग दार का लावलं? माझ्या बाबतीत त्यांनी त्या औषधावरही भरवसा ठेवला नाही, तुझ्यावरही नाही, देवावरही नाही. स्वतःच्या जिवावर खेळले ते, माझ्या नाही. धाप लागलेली असताना उठून कडी घट्ट आहे ना ते बघायचे, मला आवाज यायचा. आता तोच आजार मी उघड्या दाराने आत घेतला, तर ते एकटे त्या खोलीत कशासाठी पडून होते?

म्हणून काल गेले. तुझ्या आकड्यांसाठी नाही. ते मला कळले नाहीत, खरे असतील.

रांग मोठी होती. जिना चढून वर जायचं होतं, दोनदा टेकले. टोचून झाल्यावर अर्धा तास खुर्चीत बसवलं. मग एक मुलगी यायची आणि एकेकाला सोडायची. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, तुम्हाला दमा आहे. बरोबर कुणी असल्याशिवाय सोडता येणार नाही. घरचं कुणी आलंय का?"

मी म्हटलं, "हो, आलेत. खाली थांबलेत. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून वर नाही आले."

तिने जाऊ दिलं. मी जिना उतरून खाली आले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मामी